टोकन देण्याआधी एक पाऊस बघा

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या घरात राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. आता स्वतःचं घर घ्यायचं ठरवलंय. १९९४ सालच्या एका इमारतीत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर टू बीएचके मिळतोय. त्या भागात एवढ्या जागेला ६५ लाखांपर्यंत भाव आहे, हे ५८ लाखांना देतायत. शाळा जवळ, रिक्षाशिवाय स्टेशन गाठता येतं, शेजार चांगला.

एप्रिलमध्ये आम्ही घर पाहिलं. हॉल नुकताच रंगवलेला आहे. बेडरूमच्या छताला एका कोपऱ्यात पिवळट कडा असलेला डाग आहे. पश्चिमेच्या भिंतीचं कपाट नवऱ्याने थोडं पुढे ओढलं, तर मागे काळे ठिपके आणि कुबट वास. बाथरूमच्या बाहेर पॅसेजमधली भिंत खालून हातभर ओलसर लागली, रंगाचे पोपडे सुटलेत. एजंट म्हणतो, मुंबईकडे ओल नसलेलं घर मिळतच नाही. मालक म्हणतात, गच्चीचं काम सोसायटी करणारच आहे. नवऱ्याचं म्हणणं, सात लाख वाचतायत, त्यातले दोन लाख घालून सगळं नवं करून घेऊ. सासूबाईंना जागा फार आवडलीये.

माझं मन मात्र तयार होत नाही. मुलीला बाळदमा आहे, दर पावसाळ्यात तिचा पंप सुरू होतो. मालकांना मेअखेर दोन लाख टोकन हवंय, आणि जूनमध्ये आमचा भाडेकरार संपतोय. हे घर घ्यावं का? की मी उगाच घाबरतेय?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. घर घ्यायचं की नाही यावर मी पुढे सविस्तर लिहिते, पण एक गोष्ट आधी सांगून टाकते, कारण तारीख जवळ आली आहे: मेअखेर टोकन देऊ नका. जुलैचा पाऊस त्या छतावर पडू दे, मग बोला.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुमच्या आत्ताच्या घरात आहेत, माझ्याही घरात आहेत. त्यांना उगवायला लागते ती ओल. भिंत, लाकूड, गादी किंवा पुठ्ठा ओला राहिला की एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. भिंत कोरडी झाली की तिची वाढ थांबते. म्हणून भिंत पुसली, औषध मारलं, बुरशीविरोधी म्हणून मिळणारा रंग लावला, तरी पाणी येत राहिलं तर पुढच्या श्रावणात ती तिथेच असेल. तुम्हाला शोधायचंय ते पाणी: ते कुठून येतं, ते थांबवणं कोणाच्या हातात आहे, आणि तो माणूस ते थांबवणार आहे का. घर घ्यायचं की सोडायचं ते या उत्तरांवर ठरवायचं. ठिपके किती काळे आहेत यावरून काहीच ठरत नाही.

तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात उपयोगी वाटली ती गोष्ट म्हणजे तुम्ही तीन जागा वेगवेगळ्या सांगितल्यात. एजंट त्यांना एकच नाव देतोय, "ओल". पण ही बहुधा तीन वेगवेगळी पाणी आहेत.

पहिली जागा पॅसेजची. तुम्ही एप्रिलमध्ये हात लावलात आणि भिंत ओलसर लागली. एप्रिलमध्ये डोंबिवलीत पाऊस नसतो. मागचा पाऊस जाऊन सहा महिने झाले. तेव्हा हे पाणी आभाळातलं नाही, नळाचं आहे. बाथरूमच्या भिंतीत गाडलेला पाइप कुठेतरी पाझरत असेल, टाइल्सच्या फटी उघड्या पडल्या असतील, किंवा नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीच्या, भोवतीचं काम सुटलं असेल. तुम्ही सगळ्यात वर असल्यामुळे वरच्या शेजाऱ्याच्या बाथरूमचा संशय आपोआप गळतो. हे पाणी याच घरातलं आहे आणि घर घेतलंत की ते तुमचं होईल.

घाबरू नका, या तिघांतलं हे सगळ्यात सोपं. बाथरूम फोडून पाइप बदलणं, खाली वॉटरप्रूफिंग करून पुन्हा टाइल्स लावणं हे खर्चाचं आणि धुळीचं काम आहे, पण ते पूर्ण तुमच्या हातात आहे. कोणाची परवानगी-मनधरणी करावी लागत नाही, सोसायटीला कळवलं की झालं. फक्त टोकनाआधी एक काम करा. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर खालच्या घरात जा. बेल वाजवा, "आम्ही वरचं घर बघतोय" असं सांगा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघू द्या म्हणा. तिथे ओल असेल तर वरच्या घराशी त्यांचा वाद आधीपासून चालू असणार. घराबरोबर तो वादही तुमच्याकडे येतो. शिवाय खालचे लोक तुम्हाला असं बरंच सांगतील जे मालक आणि एजंट सांगणार नाहीत.

दुसरी जागा कपाटामागची. इथे दोन शक्यता आहेत आणि त्या वेगळ्या ओळखता येतात. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. बाहेरच्या प्लास्टरला बारीक भेगा असतील, खिडकीवरचा छज्जा तुटका असेल, किंवा सरकत्या खिडकीच्या पट्टीतली पाणी जायची भोकं मातीने बुजली असतील, तर पाणी भिंतीत मुरतं. अशी भिंत आतून ओली होते, रंग फुगतो, पांढरी भुकटी सुटते. ही भुकटी म्हणजे लोणा. ती बुरशी नसते, पाण्याबरोबर आलेले क्षार वर येऊन सुकतात. बोटाने चोळली तर पीठ होते आणि पाण्यात विरघळते. तिने आजारी पडत नाही कोणी, पण भिंतीतून पाणी वाहतंय याचा तो भक्कम पुरावा असतो.

दुसरी शक्यता अशी की भिंतीत पाणी मुरत नसेलच. पावसाळ्यात हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असते. घरात दोरीवर कपडे वाळत असतात, स्वयंपाकाची वाफ असते, खिडक्या बंद असतात. भिंतीला घट्ट चिकटवलेल्या कपाटामागे वारा पोहोचत नाही, भिंत थंड राहते आणि हवेतली ओल तिथे धरते. अशा वेळी ठिपके विखुरलेले असतात, डागाला कडा नसते, रंग फुगलेला नसतो. असं असेल तर कपाट चार बोटं पुढे ओढणं, एक्झॉस्ट पंखा बसवणं, कपडे दुसरीकडे वाळत घालणं यानेच बहुतेक काम होतं.

नेमकं कोणतं, हे कळायला एक साधी परीक्षा आहे. पावसाळ्यात, कपाट हलवून, भिंतीवर तळहाताएवढा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावायचा आणि दोन दिवस ठेवायचा. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतलं आहे. मालक प्रामाणिक असतील तर एवढं करू देतील. ओल मोजायचं छोटं यंत्रही मिळतं, पण लोणा लागलेल्या भिंतीवर ते क्षारांमुळे वाढीव आकडा दाखवतं, त्यामुळे निव्वळ त्यावर भरवसा ठेवू नका.

तिसरी जागा छताची, आणि माझी खरी काळजी तिथे आहे.

पिवळट कडा असलेला डाग म्हणजे पाणी वरून आलं, पसरलं, सुकलं. पुन्हा आलं, पुन्हा सुकलं. वर गच्ची आहे. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि १९९४ सालच्या गच्चीवरचा मूळचा विटांच्या तुकड्यांचा कोबा, म्हणजे पाणी अडवणारा थर, इतकी वर्षं तो झेलतोय. कोब्याला तडे जातात, कठड्याच्या मुळाशी सांधा उघडतो, पाण्याच्या टाकीखाली कायम ओल राहते, पन्हाळाच्या तोंडाशी कचरा साचून तळं होतं. सोसायट्या त्यावर डांबरी शीट चिकटवतात. ती काही पावसाळे टिकते, उन्हाने उकलते, मग तिच्याखाली शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट न सापडून स्लॅबमध्येच मुरत बसतं.

आता स्लॅबचं ऐका. स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात. वर्षानुवर्षं ओल लागली की त्या गंजतात, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. तो आतून काँक्रीट फोडतो. छताला सरळ रेषेत जाणारी भेग, तिच्या कडेला तपकिरी ओघळ, खालून फुगलेला किंवा गळून पडलेला भाग दिसला तर ते बुरशीच्या फार पुढे गेलेलं प्रकरण आहे. छतावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघा. घट्ट आवाज आला तर ठीक. पोकळ, भद्द आवाज आला तर प्लास्टर किंवा काँक्रीट सुटलंय. बेडरूममध्ये नवीन फॉल्स सीलिंग किंवा लाकडी पॅनेल असेल तर ते का लावलं, कधी लावलं, हे विचारा, आणि एका कोपऱ्यात उघडून दाखवा म्हणा. हॉल ताजा रंगवलाय आणि बेडरूम नाही, याचंही कारण विचारा. हॉलच्या छतालाही असेच डाग होते का, ते शेजारी सांगतील.

तुमच्या नवऱ्याचा हिशेब मला समजतो. सात लाख ही लहान रक्कम नाही. पण त्या दोन लाखांत काय येईल ते त्यांना विचारा. रंग, पुट्टी, फॉल्स सीलिंग, बाथरूम, सगळं घराच्या आतलं. गच्ची घराच्या बाहेर आहे आणि ती तुमची नाही, सोसायटीची आहे. तुम्ही स्वतःच्या खर्चाने तुमच्या डोक्यावरचा तुकडा वॉटरप्रूफ करून घेतलात तरी पाणी शेजारच्या तुकड्यातून शिरून उताराने तुमच्याच छतात येईल. हा उपाय करून थकलेली घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. दोन लाख दर तीन वर्षांनी जातात, डाग मात्र जात नाही.

म्हणून या घराचा निर्णय खरं तर त्या सोसायटीचा निर्णय आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांचे महाराष्ट्रातले आदर्श उपविधी, म्हणजे सोसायटी चालवायचे नमुना नियम, याबाबत स्पष्ट आहेत. गच्ची, कठडे, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइप यांची दुरुस्ती संस्थेने संस्थेच्या खर्चाने करायची असते. एवढंच नव्हे, गच्चीतून पाणी गळून वरच्या मजल्यावरच्या घराचं छत आणि प्लास्टर खराब झालं, तर तेही दुरुस्त करून द्यायची जबाबदारी संस्थेची आहे. तळमजल्यावरचा सभासद "गच्ची माझ्या काय कामाची" म्हणून वर्गणी नाकारू शकत नाही. घरातलं बाथरूम मात्र ज्याचं त्याने.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात काय होतं ते डोंबिवलीत राहून तुम्हीही पाहिलं असेल. वार्षिक सभेत विषय निघतो, वरचे आठ जण बोलतात, खालचे सोळा जण गप्प बसतात. एक गट म्हणतो पत्र्याची शेड घालू, दुसरा म्हणतो केमिकल मारून घेऊ, तिसरा म्हणतो आता रिडेव्हलपमेंट येणारच आहे तर पैसे कशाला घालवायचे. हे तिसरं वाक्य तीस वर्षांच्या इमारतीत सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. सरकारच्या २०१९ च्या आदेशानंतर पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते हे खरं, पण संमतीपासून चावी हातात येईपर्यंत कित्येक वर्षं जातात, आणि तेवढे सगळे पावसाळे वरच्या मजल्यावरची माणसं बादल्या लावून काढतात.

तेव्हा "सोसायटी करणारच आहे" या शब्दावर जाऊ नका. कागद मागा. तुम्ही अजून सभासद नाही, पण मालक आहेत, त्यांना सोसायटीकडून प्रती मिळू शकतात. मागच्या तीन वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं मागा. गच्चीच्या कामाचा ठराव झालाय का, कोटेशन आलीत का, वर्गणी किती ठरली आणि किती जणांनी भरली, ते त्यात असेल. दुरुस्ती निधीत शिल्लक किती, तेही बघा. आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा अहवाल. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. ही इमारत १९९४ ची, म्हणजे तीस ओलांडलेली. अहवालच नसेल तर त्यातून सोसायटी कशी चालते ते कळतं. गळतीबद्दल मालकांनी सोसायटीला लिहिलेली पत्रं असतील तर तीही मागून घ्या. कधीपासून गळतंय याची तारीख त्यावर सापडते. गच्चीवर पत्र्याची शेड असेल किंवा घालायची ठरली असेल तर महापालिकेची परवानगी आहे का, हेही विचारा.

ठराव झालाय, पैसे जमा होतायत, ठेकेदार ठरलाय, काम पावसाआधी किंवा दिवाळीनंतर सुरू होणार असं कागदावर दिसलं, तर माझं मत पुष्कळ बदलेल. मग किमतीत तुमच्या वाट्याची वर्गणी कोणी भरायची ते लिहून घ्या. समजा काम १२ लाखांचं आणि सभासद २४, तर सरासरी पन्नास हजार एका घरामागे. ही रक्कम सात लाखांच्या सवलतीपुढे काहीच नाही. इतिवृत्तात तीन वर्षं "पुढील सभेत विचार करण्याचे ठरले" एवढंच असेल, तर सवलत सात लाखांची असो की दहा लाखांची, ते घर घेऊ नका. सोसायटीशी भांडायचा मार्ग कायद्यात आहे, दुरुस्ती-गळतीचे वाद सहकारी न्यायालयात नेता येतात. पण लहान दमेकरी मुलीला घेऊन गळक्या छताखाली राहून ते भांडण लढावं, असं मी कोणत्याच आईला सांगणार नाही.

मुलीबद्दल आता सरळ बोलते.

२०२१ साली म्युकरमायकोसिसला सगळे काळी बुरशी म्हणत होते, त्यामुळे भिंतीवर काळं दिसलं की लोकांच्या पोटात गोळा येतो. तो आजार वेगळ्या बुरशीचा, आणि मुख्यतः मधुमेह हाताबाहेर गेलेल्या आणि स्टिरॉइडचे जास्त डोस घेतलेल्या रुग्णांना झालेला. ओल्या भिंतीवरची बुरशी तो आजार घेऊन येत नाही. ती भीती मनातून काढून टाका.

पण दम्याची भीती खरी आहे. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दम्याचे त्रास जास्त होतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. इतकी बुरशी चालेल आणि त्यापुढे चालणार नाही, असा आकडा त्यांनी दिलेला नाही. ओल होऊच देऊ नका आणि झाली तर दूर करा, असा त्यांचा सल्ला आहे. म्हणून हवेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून पैसे घालवू नका. डोळ्यांना दिसतंय, नाकाला कळतंय, तेवढं पुरे. ओलीबरोबर धुळीतले सूक्ष्म किडेही वाढतात आणि दम्याला तेही तितकेच वाईट. मुलगी पावसाळ्यात आधीच पंपावर असते, तेव्हा टोकनाआधी तिच्या डॉक्टरांना हेच सगळं सांगा, कपाटामागचा फोटो दाखवा. त्यांचं मत सासूबाईंना आणि नवऱ्याला तुमच्यासमोर ऐकू द्या. घरात एकटीने काळजी करत बसण्यापेक्षा ते बरं.

जूनमध्ये भाडेकरार संपतोय, म्हणून घाई होतेय हे मला दिसतं. घरमालकांशी बोलून तो तीन-चार महिने वाढवून घ्या, भाडं थोडं चढं द्यावं लागलं तरी. तीन-चार महिन्यांचं भाडं आणि ५८ लाखांचं घर यांची तुलना तुम्ही स्वतः कागदावर करा. सध्याचे घरमालक अडून बसले तर तात्पुरतं दुसरं घर बघा. सामान दोनदा हलवायचा त्रास वीस वर्षं हप्ता भरण्याच्या त्रासापुढे छोटा आहे.

मालक म्हणतील दुसरी पार्टी तयार आहे. असेल. जाऊ दे. वरच्या मजल्यावरचं डागाळलेलं घर मेमध्ये विकायची घाई कशाला असते, हे तुम्हाला सांगायला नको. त्यांनी फारच धरलं आणि तुम्हालाही घर हातचं जाऊ द्यायचं नसेल, तर टोकन अगदी लहान रकमेचं द्या, चेकने द्या आणि पावतीवर अट लिहून घ्या: १५ जुलैनंतर पाहणी होईल, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून गळती आढळली तर पूर्ण रक्कम परत मिळेल. मालकांची सही घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲपवरच्या शब्दाला किंमत नाही. मालक ही अट लिहून द्यायला तयार नसतील तर त्यांना छताबद्दल काय माहीत आहे ते कळलंच.

लिहून घेण्याला आणखी एक कारण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊन सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. पण तुम्ही डाग पाहिलाय, ठिपके पाहिलेत, ओलीला हात लावलाय. उद्या "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येणार नाही. तेव्हा लेखी प्रश्न विचारा: किती वर्षांपासून गळतंय, काय काय दुरुस्ती केली, सोसायटीला कधी कळवलं. उत्तरंही लेखी घ्या आणि साठेखत झालंच तर ती त्यात घाला. बँकेचा माणूस येऊन बघून जाईल, त्यावर निर्धास्त होऊ नका. तो घराचं मूल्य आणि बँकेचं कर्ज वसूल होईल का ते बघतो. तुमच्या बेडरूमची भिंत ऑगस्टमध्ये कशी असेल, हे त्याचं काम नाही. त्याऐवजी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरला फी देऊन एकदा तासभर घेऊन जा.

जुलैत सलग तीन-चार दिवस पाऊस लागून राहिला की त्याच्या दुसऱ्या दिवशी जा. आधी फोन करून वेळ ठरवू नका, पोचायच्या तासभर आधी कळवा, म्हणजे पुसापुशीला आणि उदबत्तीला वेळ मिळणार नाही. नवऱ्याला बरोबर न्या, कारण हे त्यांनी स्वतः बघणं महत्त्वाचं आहे. मुलीला नेऊ नका. घरात शिरल्यावर दोन मिनिटं काही न बोलता नुसता वास घ्या. छताच्या डागाची कडा एप्रिलच्या फोटोशी ताडून बघा. कपाटाचे खण उघडा, आतल्या पाठफळीला हात लावा. मग गच्चीवर जा. पाणी कुठे तुंबलंय आणि ती जागा बेडरूमच्या डोक्यावर येते का, हे पावलं मोजून बघा. शेजारच्या वरच्या मजल्याच्या घरातही डोकवा. त्यांचं छत कोरडं असेल तर दोष त्या एका तुकड्यात आहे आणि आटोपशीर आहे. सगळ्यांचीच छतं गळत असतील तर पूर्ण गच्ची गेली आहे.

घेतलंतच, तर राहायला जायची घाई करू नका. आधी गच्ची, मग बाहेरची भिंत, मग बाथरूम, आणि शेवटी आतलं. बुरशी लागलेलं प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढावं लागतं, भिंत सुकायला आठवडे नव्हे, महिने लागतात, आणि ओल्या भिंतीवर पुट्टी-रंग चढवला की वर्षभरात पोपडे ठरलेले. मालकांचं ते कपाट फुकट मिळालं तरी ठेवू नका. खरवडताना धूळ उडते, त्या दिवसांत मुलीने त्या घराकडे फिरकूही नये. काम करणाऱ्याला मास्क द्या. कोणी ब्लीच वापरत असेल तर ते टॉयलेट क्लीनरबरोबर कधीही मिसळू देऊ नका, विषारी वायू तयार होतो.

आज तुमच्या पत्रावरून विचारलंत तर माझं उत्तर "थांबा" आहे, आणि सोसायटीचा ठराव दिसला नाही तर "सोडा". बाथरूमसाठी हे घर मी सोडायला सांगितलं नसतं, कपाटामागच्या ठिपक्यांसाठीही नाही. जवळ शाळा, जवळ स्टेशन, चांगला शेजार, या गोष्टी डोंबिवलीत सहज मिळत नाहीत आणि सासूबाईंना जागा आवडली याचंही मोल आहे. तसंच घर त्याच गल्लीत पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर मिळतंय का, हे आजपासूनच बघायला लागा. पाच लाख जास्त पडले तरी चालतील.

या आठवड्यात दोनच कामं करा: भाडेकरार वाढवायचं बोलणं, आणि मालकांकडे इतिवृत्तं व ऑडिटचा अहवाल मागणं. जुलैत जाऊन आलात की छताचा, गच्चीचा आणि खालच्यांच्या बाथरूमचा फोटो ठरावाच्या प्रतीबरोबर मला पाठवा. किंमत किती पाडून मागायची ते तेव्हा बोलू.